इसेन्सच्या एसडीएसवर तोंडावाटे एलडी-५०: चाचणी करायची की हिशेबाने काढायचा?

कुपवाडचा_मिक्सर
नमस्कार मंडळी. सांगलीत कुपवाड एमआयडीसीत बेकरी आणि आइस्क्रीमवाल्यांसाठी इसेन्स बनवतो. एक गिऱ्हाईक एसडीएसच्या (सुरक्षा माहितीपत्रकाच्या) कलम ११ मध्ये एलडी-५० चा (ज्या डोसला निम्मे प्राणी मरतात त्याचा) आकडा मागतंय, "माहिती उपलब्ध नाही" चालणार नाही म्हणे. मिश्रण असं: व्हॅनिलिन ८%, एथिल माल्टॉल ४%, बेंझाल्डिहाइड २%, एक वनस्पतिजन्य अर्क ३% (याचा आकडा पुरवठादाराकडेही नाही), बाकी ८३% प्रॉपिलीन ग्लायकॉल (पीजी) हे द्रावक. उंदरांवर चाचणी करावीच लागेल का?

विषविद्या
अजिबात नको. मिश्रणासाठी जीएचएसमध्येच (रसायनांच्या वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीत) हिशेबाची सोय आहे. प्रत्येक घटकाची टक्केवारी त्याच्या एलडी-५० ने भागायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि १०० ला त्या बेरजेने भागायचं. येतो तो मिश्रणाचा एटीई, म्हणजे तीव्र विषाक्ततेचा अंदाजी आकडा.

रॅटचे आकडे मिग्रॅ/किलोमध्ये: व्हॅनिलिन १५८०, एथिल माल्टॉल ११५०, बेंझाल्डिहाइड १३००.

८/१५८० = ०.००५०६
४/११५० = ०.००३४८
२/१३०० = ०.००१५४

बेरीज ०.०१००८, म्हणून एटीई साधारण ९,९२०. पीजीचा एलडी-५० वीस हजारांच्या घरात, ते बेरजेत धरायचंच नाही. उत्तर ५००० च्या वर गेलं, म्हणजे वर्ग ५ (सगळ्यात सौम्य विषारी वर्ग) सुद्धा लागत नाही. व्हॅनिलिनचा आकडा वेगवेगळ्या एसडीएसवर वेगळा दिसेल. मी मुद्दाम लहान धरलाय.

अर्क ३% आहे. अज्ञात घटक १०% च्या आत असतील तर सूत्र बदलत नाही, फक्त "मिश्रणातील ३% घटकांची तीव्र विषाक्तता अज्ञात" हे वाक्य घालावं लागतं. १०% च्या वर गेलात की वर १०० ऐवजी १०० वजा अज्ञात टक्के.

आणि एक नेहमीची गफलत: घटकाचा आकडा नाही, नुसता "वर्ग ४" लिहिलेलं आहे, तर लोक त्या वर्गाची वरची हद्द २००० धरतात. धरायचे ५००. वर्ग ३ ला १००. नाहीतर मिश्रण आहे त्यापेक्षा चारपट निरुपद्रवी दिसतं.

कुपवाडचा_मिक्सर
हे झकास झालं. पण उद्या एखादं नवंच एकेरी रसायन घ्यायचं ठरलं आणि आकडा कुठेच नसला तर?

कृष्णाकाठ
तेव्हा चाचणी. पण प्राण्यांवरची चाचणी सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीकडे) नोंदलेल्या संस्थेतच होते, तीही त्या संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीनंतर. या समितीचा पहिला सवाल हाच असतो की हिशेबाने किंवा तशाच रचनेच्या रसायनावरून का भागत नाही. परदेशी माल जाणार असेल तर जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा पद्धती) प्रमाणित लॅबच बघा.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची जुनी ४०१ क्रमांकाची चाचणी पद्धत २००२ मध्येच रद्द झाली. आता बहुतेक ठिकाणी ओईसीडी ४२३ चालते. एका टप्प्याला ३ मादी रॅट, ८ ते १२ आठवड्यांच्या. काहीच माहिती नसेल तर ३०० मिग्रॅ/किलोपासून सुरुवात. दोन किंवा तीन मेल्या तर खाली ५० वर. एकही नाही किंवा एकच मेली तर त्याच डोसवर आणखी तीन, आणि पुन्हा तसंच झालं तर २०००. यातून वर्ग मिळतो, नेमका आकडा नाही. आकडाच हवा तर ४२५: एका वेळी एकच प्राणी, साधारण ४८ तासांचं अंतर, सुरुवात १७५ वरून आणि दर पायरीला सुमारे ३.२ पट वर किंवा खाली.

रात्रभर खाणं बंद, पाणी चालू. वजन उपाशीपोटीच घ्यायचं. आदल्या दिवशीच्या भरल्या पोटाच्या वजनावर डोस काढला की तो जास्त पडतो. १८० ग्रॅमच्या रॅटला २००० मिग्रॅ/किलो म्हणजे ३६० मिग्रॅ. १० मिलि/किलोने द्यायचं तर १.८ मिलि, म्हणजे द्रावण २०० मिग्रॅ/मिलि हवं. फ्लेवरवाल्यांची गाडी इथेच अडते. व्हॅनिलिन पाण्यात खोलीच्या तापमानाला लिटरला १० ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. मग ०.५% सीएमसीमध्ये (सेल्युलोजपासून केलेल्या दाट द्रावणात) सस्पेन्शन करायचं आणि प्रत्येक वेळी सिरिंज भरण्याआधी हलवायचं, नाहीतर पहिलीला पाणी आणि शेवटच्या रॅटला गाळ जातो. अल्कोहोलमध्ये विरघळवू नका. प्राणी सुस्त पडला तर दोष रसायनाचा की अल्कोहोलचा, सांगता येत नाही.

डोसनंतर ३-४ तास खाणं नाही. पहिल्या अर्ध्या तासात किमान एकदा नीट निरीक्षण, पहिले चार तास डोळ्यात तेल घालून, मग रोज, एकूण १४ दिवस. डोस दिल्यावर काही मिनिटांतच रॅट तडफडून मेली आणि नाकाशी फेस दिसला तर आधी फुफ्फुसं उघडून बघा. बहुतेकदा नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेलेली असते. तो मृत्यू रसायनाच्या नावावर मांडू नका.

नमुना ताजा द्या. बेंझाल्डिहाइड हवेने बेंझोइक आम्ल होतं, आणि पीजीत आल्डिहाइड ठेवलं की हळूहळू ॲसिटल बनतं. सहा महिने पडून असलेली बाटली पाठवलीत तर तपासलं जाईल ते तुमच्या फॉर्म्युल्यातलं नसेल.

आणि २००० वर एकही मेली नाही तर "२००० पेक्षा जास्त" लिहा. नुसतं "२०००" लिहिलंत की तुम्हीच स्वतःला वर्ग ४ मध्ये बसवलंत.

रसायनभट
कृष्णाकाठ यांच्याशी सहमत, पण मिक्सरभाऊ, या आकड्यावर फार विसंबू नका. डायएथिलीन ग्लायकॉल घ्या. रॅटमध्ये एलडी-५० बारा हजारांच्या वर, वरच्या हिशेबात ते निर्धोकच ठरेल. माणसात मात्र मूत्रपिंडं निकामी करतं; १९८६ साली मुंबईत त्याने भेसळलेल्या ग्लिसरीनमुळे रुग्ण दगावले होते. एफएसएसएआयने फ्लेवरमध्ये ते द्रावक म्हणून वापरायला बंदी घातली आहे. कुमारिन, सॅफ्रोल, थुजोन हेही बंदीच्या यादीत आहेत, त्यांच्या एलडी-५० ला तिथे कुणी विचारत नाही.

डायअसिटिलची गंमत तर उलटीच. तोंडावाटे आकडा व्हॅनिलिनएवढाच, पण अमेरिकेत पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांची फुफ्फुसं त्याच्या वाफेने गेली. बटर फ्लेवर करत असाल तर मिक्सिंगची टाकी झाकलेली आणि वर एक्झॉस्ट हवाच.

तुमच्या या मिश्रणात ८३% पीजी आहे, तेव्हा खरी जोखीम त्या ड्रममध्ये. प्रत्येक बॅचच्या सीओएवर (तपासणी प्रमाणपत्रावर) डायएथिलीन ग्लायकॉल (डीईजी) आणि एथिलीन ग्लायकॉल (ईजी) ०.१% च्या आत असल्याची ओळ आहे का बघा. औद्योगिक ग्रेडचा ड्रम स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

कुपवाडचा_मिक्सर
आताच्या सीओएवर ईजी-डीईजीची ओळच नाही. पुरवठादाराकडून जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफी तपासणीचा) रिपोर्ट मागवतो, तोवर ड्रम बाजूला. एसडीएसमध्ये ९,९२० आणि ३% वालं वाक्य टाकतो.

विषविद्या
आकड्यापुढे "हिशेबाने काढलेला" असंही लिहा. नाहीतर गिऱ्हाईक चाचणीचा रिपोर्ट मागेल.