फोनची स्क्रीन संध्याकाळी पिवळट, रात्री काळी-पांढरी! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईच्या अँड्रॉइड फोनबद्दल विचारायचं आहे. ती भरतकाम करते आणि धाग्यांच्या छटा फोनवरचे फोटो बघून ठरवते. त्यामुळे स्क्रीनचे रंग बिघडले की तिचं कामच अडतं.

संध्याकाळ झाली की स्क्रीन पिवळट होते, पांढरं पान जुन्या वहीसारखं दिसायला लागतं. रात्री उशिरा तर रंगच जातात, सगळं काळं-पांढरं. सकाळी आपोआप ठीक! त्याच वेळी स्क्रीनशॉट काढून माझ्या फोनवर पाठवला तर त्यात रंग अगदी व्यवस्थित दिसतात. फोन पडलेला नाही, पाणीही लागलेलं नाही. डिस्प्ले बदलावा लागेल असा सल्ला मिळालाय, पण एवढा खर्च करण्याआधी खात्री करून घ्यायची आहे.

दुसरं म्हणजे बॅटरी. ती वाचावी म्हणून सगळीकडे डार्क थीम लावली, तरी काहीच फरक नाही. असं का होत असेल?

प्रतिसाद १

डिस्प्ले अजिबात बदलू नका. खराब पॅनेल घड्याळ बघून बिघडत नाही. ठरलेल्या वेळी रंग जातात आणि ठरलेल्या वेळी परत येतात, म्हणजे कुठलंतरी वेळापत्रक चालू आहे.

पिवळेपणासाठी सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग नाइट लाइट बघा. काही फोनवर त्याला आय कम्फर्ट किंवा रीडिंग मोड म्हणतात. तिथे 'सूर्यास्त ते सूर्योदय' निवडलेलं असणार. काळ्या-पांढऱ्यासाठी डिजिटल वेलबीइंगमधला बेडटाइम मोड उघडा, त्यात ग्रेस्केल चालू असेल. हा मोड रात्री फोन चार्जिंगला लावल्यावरही सुरू होईल असा ठेवता येतो, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. तिथे काही सापडलं नाही तर अ‍ॅक्सेसिबिलिटीमधलं कलर करेक्शन तपासा.

स्क्रीनशॉटचं कोडं सोपं आहे. हे फिल्टर चित्र तयार झाल्यावर, अगदी शेवटच्या टप्प्यात लागतात. स्क्रीनशॉट सहसा त्याआधीचं चित्र टिपतो. म्हणून स्क्रीनशॉट चांगला आला की फोटो आणि अ‍ॅप निर्दोष ठरतात, पण फिल्टर की पॅनेल हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी रंग गेलेले असतानाच फोन रीस्टार्ट करा. सुरुवातीला कंपनीचा लोगो येतो तेव्हा हे फिल्टर लागलेले नसतात. लोगो रंगीत दिसला तर पॅनेल ठणठणीत आहे.

प्रतिसाद २

ग्रेस्केल राहू दे की रात्रीपुरतं, बॅटरी तरी वाचेल.

प्रतिसाद ३

ग्रेस्केलने बॅटरी फारशी वाचत नाही. खरा प्रश्न स्क्रीन कुठल्या प्रकारची आहे, एलसीडी की ओलेड, हा आहे. एलसीडीत मागचा दिवा सतत जळत असतो आणि काळा रंग म्हणजे त्या दिव्यासमोर धरलेला पडदा. त्यावर डार्क थीम लावा नाहीतर ग्रेस्केल, दिवा तेवढाच जळणार. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळ्या जागी बंद होतो, म्हणून तिथे डार्क थीमचा उपयोग होतो. तोही ब्राइटनेसवर अवलंबून आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात ओलेड फोनवर ब्राइटनेस 30 ते 50 टक्के असताना सरासरी 3 ते 9 टक्केच वीज वाचली, पूर्ण ब्राइटनेसवर मात्र 39 ते 47 टक्के.

अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस वाढवून पूर्ण काळं चित्र फुल स्क्रीन उघडा. स्क्रीन राखाडी उजळलेली दिसली तर एलसीडी.

धागाकर्ता

खूप खूप आभार! दोन्ही वेळापत्रकं सापडली आणि बंद केली. लोगो रंगीतच आला. काळं चित्र मात्र चांगलंच उजळलेलं दिसलं, म्हणजे एलसीडी. मग डार्क थीम काढून टाकू का? आणि बॅटरीसाठी काय करू? अजून एक, आई म्हणते की लाल धागा फोनवर जरा जास्तच भडक दिसतो.

प्रतिसाद ३

डोळ्यांना बरी वाटत असेल तर डार्क थीम ठेवा, बॅटरीसाठी नको. एलसीडीवर ब्राइटनेस कमी करणं हाच सगळ्यात मोठा उपाय. अडॅप्टिव्ह ब्राइटनेस (उजेडाप्रमाणे आपोआप कमी-जास्त होणारा) चालू करा आणि सुरुवातीला पट्टी आईंनाच हवी तशी सरकवू द्या, ते त्यांची आवड हळूहळू शिकतं. स्क्रीन टाइमआउट 30 सेकंदांवर आणा. रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं तो आकडा, 90 किंवा 120 हर्ट्झ असेल तर 60 करा, फोटो बघायला तेवढा पुरतो.

प्रतिसाद १

भडकपणासाठी डिस्प्लेमध्येच कलर मोड असतो. 'व्हिव्हिड' असेल तर 'नॅचरल' करा. व्हिव्हिडमध्ये रंग मुद्दाम गडद करून दाखवतात, त्यात लाल पटकन नजरेत भरतो. शिवाय धाग्याचे फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढायला सांगा. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोतली छटा कुठल्याही सेटिंगने पूर्ण सुधारत नाही.