जुना फायरबॅक आगीमागेच राहू द्यावा की संग्रहालयाला द्यावा?

सांडशी (धागाकर्ती)

इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये, लुईस गावापासून थोड्या अंतरावरच्या एका जुन्या घरात आम्ही चार वर्षं भाड्याने राहतोय. बैठकीच्या खोलीत लाकडं जाळायची रुंद, बुटकी फायरप्लेस आहे आणि तिच्या मागच्या भिंतीला टेकवून बिडाची एक जाड लादी उभी आहे. हिला इकडे फायरबॅक म्हणतात. काम दोन: आगीने मागच्या विटा फुटू नयेत, आणि आग विझल्यावरही तापलेल्या बिडाने खोलीला ऊब देत राहावी. आमची लादी तीनेक फूट रुंद, दोन फूट उंच. कडेने पिळाच्या दोरीची नक्षी आणि मध्ये फ्लर-द-ली, म्हणजे तीन पाकळ्यांच्या फुलाचे पाच ठसे. पाचवा ठसा जरा तिरका बसलाय.

घरमालक आजोबांना कुणीतरी सांगितलंय की ही संग्रहालयाला देऊन टाका. त्यांनी मला विचारलं, "रोज तिच्यासमोर तू बसतेस, तुला काय वाटतं?" माझं मत ठाम आहे. ती जिथे आहे तिथेच राहावी, आणि तिच्यापुढे आगही पेटावी.

लुईसच्या अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्ज हाउसमध्ये असे बरेच फायरबॅक मांडलेत. मी दोनदा जाऊन आले. मांडणी चांगली आहे, पण घरी परतल्यावर एक गोष्ट लक्षात आली. संग्रहालयात उजेड वरून येतो, त्यामुळे नक्षीची सावली खाली पडते. घरात उजेड जाळाचा, म्हणजे खालून आणि समोरून. दोरीच्या प्रत्येक पिळाची खालची कड उजळते, सावली वर जाते, आणि जाळ हलला की तीही हलते. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. दिवे न लावता बसलं की ती दोरी जिवंत वाटते. ज्याने हे ठसे वाळूत दाबले, त्याने ते याच उजेडासाठी दाबले होते. हा उजेड काढून घेतला तर उरतं ते काळं बीड.

या लाद्या घरोघरी आल्या त्या चिमण्यांच्या, म्हणजे धुराड्यांच्या, मागोमाग. त्याआधी खोलीच्या मधोमध आग असायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. १५७७ साली विल्यम हॅरिसनने इंग्लंडच्या वर्णनात लिहून ठेवलंय की त्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीत झालेले जे मोठे बदल जाणवत होते, त्यांत एक म्हणजे जिकडेतिकडे उभ्या राहिलेल्या चिमण्या. आग भिंतीकडे सरकली आणि भिंतीला पाठराखण लागली. बॅक म्हणजे पाठ, नावातच ते आहे.

तुम्हाला काय वाटतं?

वाळूचा साचा

ताई, असहमत. कोल्हापुरात फाउंड्रीत २६ वर्षं मोल्डिंग केलंय, म्हणून बिडाबद्दल बोलतो.

बीड दाबाला पक्कं, ताणाला कच्चं. लादीचा मधला भाग जाळासमोर तापून पसरतो, कडा थंड असतात. या थंड कडा मधल्या भागाला पसरू देत नाहीत, आणि ताण येतो तो कडांवर. तडा कडेलाच सुरू होतो आणि आत शिरतो. शिवाय बीड पुन्हा पुन्हा लालसर होईपर्यंत तापवलं तर फुगतं आणि परत मूळ मापाला येत नाही. हे एका हिवाळ्यात दिसत नाही, पण चारशे हिवाळ्यांचा हिशेब त्या लादीत साठलेला असतो. पुढचा हिवाळा त्यात भर घालणार.

उजेडाचं म्हणताय ते मनापासून पटलं. पण तो उजेड नवीन ओतलेल्या नकलेवरही तसाच पडेल. अस्सल लादी फाउंड्रीत न्या, तिचाच पॅटर्न, म्हणजे छाप उठवायचा नमुना, करून वाळूत दाबा, नक्कल ओता. आगीपुढे नक्कल ठेवा. एवढंच की नक्कल थोडी लहान येईल. बीड थिजून गार होताना शेकडा एक आकसतं, म्हणजे तीन फुटांत जवळजवळ एक सेंटिमीटर.

दफ्तरखाना

मी संग्रहालयाच्या बाजूने, पण कारण वेगळं.

या लाद्या उघड्या वाळूत ओतायचे. जमिनीवर वाळू सपाट करायची, तिच्यात ठसे दाबायचे, वरून रस सोडायचा. वरचं झाकण नाही. ठसे सुटे असायचे, एकच ठसा वेगवेगळ्या लाद्यांवर वापरला जायचा. दोरीची कड तर खऱ्या दोरीचे तुकडे दाबूनही करायचे. त्यामुळे दोन लाद्यांवर एकाच ठशाचा तोच टवका, तीच चीर सापडली तर दोन्ही एकाच हाताखालून गेल्यात असं म्हणता येतं. पण त्यासाठी लाद्या शेजारीशेजारी लागतात, आणि त्या काजळीखाली असून चालत नाही. कुणाच्या तरी दिवाणखान्यात आग खात बसलेली लादी अभ्यासाच्या दृष्टीने हरवलेलीच.

ससेक्समधल्या ब्रीड भट्टीचा ओतारी रिचर्ड लेनर्ड, त्याची १६३६ सालची लादी बघा. मध्ये तो स्वतः उभा आहे, भोवती हत्यारं, भट्टी, जवळ कुत्रा. काठाला त्याचं नाव आणि भट्टीचं नाव. सतराव्या शतकातल्या एका कामगाराने स्वतःला असं ओतून ठेवलंय, हे किती दुर्मीळ आहे! ती लादी कुणी रोज जाळाला लावावी असं तुम्ही म्हणाल का?

सांडशी

लेनर्डची लादी नाही लावणार. मान्य. पण त्या एका लादीच्या नियमाने साध्या, बिननावाच्या लाद्या का तोलायच्या? बिननावाची लादी संग्रहालयात गेली की शंभरातली एक होते. इथे ती या एका घराची आहे.

आणि घरातून काढली की तिचा पत्ताही पुसला जातो, हे तुम्हीच मान्य कराल. कुठल्या चुलीतून आली हे माहीत नसलेल्या लाद्या बाजारात किती फिरतात!

प्राजक्त

एक शंका. मी अशी एक लादी पाहिली, तिच्यावर १५८८ आणि जहाजाचा नांगर. सांगितलं गेलं की आर्माडाची, म्हणजे स्पेनच्या आरमाराशी झालेली, लढाई जिंकल्याची आठवण. आपल्याही लादीवर साल आहे का ताई? असलं तर किंमत वाढेल.

दफ्तरखाना

ताईंच्या लादीवर साल नाही असं त्यांच्या वर्णनावरून दिसतं. पण सालाचं सांगतो. १५८८ची ती लादी प्रसिद्ध आहे, तिच्यावर आय एफ सी अशी अक्षरं, नांगर, गुलाब, फ्लर-द-ली आणि द्राक्षवेल. लढाईचं जहाज एकही नाही. साल जुळलं म्हणून लोकांनी आर्माडाचं नाव दिलं. तिच्या नकला आजतागायत निघतायत. लादीवरचं साल हे पहिल्या पॅटर्नचं साल. तुमच्या हातातली लादी त्यानंतर कधीही ओतलेली असू शकते.

उंबरठा

दोन्ही बाजूंनी नक्कल म्हणजे कमअस्सल असं गृहीत धरलं जातंय. तिथेच माझी हरकत आहे.

सरेमधल्या क्रोहर्स्टच्या चर्चमध्ये अ‍ॅन फॉर्स्टर या बाईच्या थडग्यावर बिडाची लादी आहे. मृत्यू १८ जानेवारी १५९१. मध्ये कफनात गुंडाळलेली ती, बाजूला गुडघे टेकलेली मुलं, आणि मजकूर असा की मागे दोन मुलगे आणि पाच मुली. आता हाच मजकूर, हीच चित्रं असलेल्या लाद्या घरांच्या चुलींत सापडल्या आहेत. भट्टीवाल्याकडे पॅटर्न पडून होता, त्याने तो पुन्हा पुन्हा ओतला, लोकांनी घेऊन जाळामागे उभा केला. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकाच्या आगीमागे एका अनोळखी बाईच्या मरणाची नोंद उजळत होती. मला हे वाचल्यापासून ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणजे नक्कल हा या वस्तूचा स्वभावच आहे. भट्टीवाले जुन्या लादीवरून नवी ओतत, कधी लहान लादी वाळूत दाबून भोवती नवा काठ जोडत. म्हणून वाळूचा साचा म्हणतात ते मला पटतं. नकलेपुढे आग पेटवणं ही तडजोड नाही, ती चारशे वर्षांची रीत आहे. पण अस्सल लादी त्याच घरात राहावी, दुसऱ्या भिंतीला टेकून. संग्रहालयाला फोटो आणि मापं द्यावीत.

वेल्डचा वाटसरू

मी ससेक्सशेजारच्या केंटमध्ये राहतो, वेल्ड या दोन्हीकडे पसरलेल्या जुन्या रानाच्या टापूत फिरत असतो. या चर्चेत एक गोष्ट राहून जातेय. या लाद्या एका विशिष्ट जमिनीतून आल्या. वेल्डची लोहखनिजाची माती, तोडून पुन्हा फुटणारी झाडं, लोणारी कोळसा आणि भाते हलवायला ओढ्याचं पाणी. इंग्लंडमधली सुरुवातीची झोतभट्टी (ब्लास्ट फर्नेस) अ‍ॅशडाउन जंगलात न्यूब्रिजला, १४९६. बक्स्टेडला १५४३ मध्ये तोफ ओतली गेली. १५७४च्या सुमाराला वेल्डमध्ये पन्नासाच्या वर भट्ट्या होत्या. त्यांच्यासाठी बांध घालून केलेली तळी अजून झाडीत दिसतात, हॅमर पाँड म्हणतात त्यांना. शेवटची मोठी भट्टी अ‍ॅशबर्नहॅमची, १८१३ मध्ये विझली. तोवर दगडी कोळशाच्या कोकवर चालणाऱ्या भट्ट्या दुसरीकडे उभ्या राहिल्या होत्या.

माझ्यासाठी प्रश्न घर की संग्रहालय असा नाहीच. लादी ससेक्सबाहेर जाता कामा नये. या तळ्यांच्या मुलखातल्या चुलीत ती आहे, हेच तिचं मोल. आग पेटवा किंवा नका पेटवू, तिला लंडनला पाठवू नका.

आणि ताईंच्या बाजूने एक मुद्दा: वापर नसलेली चिमणी ओल धरते. पावसाचं पाणी काजळीतून उतरतं, लादीवर ठिबकतं. बंद फायरप्लेसमध्ये गंजून पापुद्रे सुटलेल्या लाद्या मी पाहिल्यात. थोडी आग ही लादीला औषधच आहे.

वाळूचा साचा

वाटसरू, ओलीचा मुद्दा बरोबर. पण त्यावर उपाय लादी पुढे ओढून कोरडी ठेवणं, तिला भाजणं नव्हे.

ताई, वाद बाजूला ठेवून एक काम करा. लादी पुढे झुकवून तिची पाठ बघा. एकटीने उचलू नका, वजन भरपूर असेल आणि सुटली तर पाय जाईल. उघड्या वाळूत ओतलेली असेल तर पाठ गुळाच्या ढेपेच्या वरच्या अंगासारखी खडबडीत, बारीक भोकांची असेल, कारण ती बाजू हवेत थिजली. वाळू एका अंगाला कललेली असेल तर लादीची जाडीही एका कडेला जास्त निघेल. पाठ सपाट आणि दोन अर्धे साचे जुळल्याची रेघ दिसली तर ती अलीकडची नक्कल. मग खुशाल जाळ करा, माझी काही हरकत नाही.

सांडशी

आज सकाळी आजोबा, त्यांचा मुलगा आणि माझा नवरा अशा तिघांनी मिळून लादी पुढे घेतली. खाली जुनी घोंगडी अंथरली होती.

पाठ ढेपेसारखीच आहे, अगदी तुम्ही म्हणालात तशी. वरच्या कडेची जाडी माझ्या करंगळीएवढी, खालच्या कडेची त्याच्या दुपटीहून थोडी कमी. मागे बोट फिरवलं तर एके ठिकाणी वाळूचे कण अजून बिडात रुतलेले लागले. मी बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसले होते.

आणि पाचव्या, तिरक्या फुलाच्या खाली केसाएवढी रेघ आहे. कडेपासून आत पाच-सहा इंच. काजळी पुसल्यावरच दिसली. ती तडा आहे की ओततानाची सुरकुती, कळत नाही. काजळीखाली ती दिसतच नव्हती, चार वर्षं मी तिच्यासमोर आग पेटवत होते.

संग्रहालयाला द्यायच्या विरोधात मी अजूनही आहे. पण या आठवड्यात आग पेटवलेली नाही.

वाळूचा साचा

आगीपासून दूर, दार-खिडक्या उघड्या असलेल्या जागी करा: रेघेवर थोडं रॉकेल लावा, तिकडे पॅराफिन मिळेल. दहा मिनिटांनी कापडाने वरचं पूर्ण पुसून घ्या आणि त्यावर खडूची पूड हलक्या हाताने भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूत उमटून ओली रेघ दिसेल. सुरकुती असेल तर खडू पांढराच राहील. रेघ उमटली तर तिचं आतलं टोक कुठे आहे तिथे खूण करा, मोजा आणि इथे टाका.

दफ्तरखाना

पुसण्याआधी पाठीचे फोटो काढलेत ना? वाळूचे कण आहेत ती जागाही घ्या. आणि पाचही ठशांचे जवळून, एकेक. तिरका आधी.