मदत हवी आहे : बाटलीवर 'क्वेंच' लिहू की दुसरं काही?

नमस्कार मंडळी. मालवणात आमचा कोकम सरबताचा छोटा घरगुती धंदा आहे. लेबलच्या इंग्रजी मजकुरात भाच्याने 'क्वेंच' टाकलंय. तहान भागवणं, इथवर ठीक. पण डिक्शनरी उघडली तर आग विझवणं म्हणजेही तेच, आणि लोहार लालबुंद कोयता चर्र करून पाण्यात बुडवतो तेही 'क्वेंच'च! आपल्याकडे भागवणं, विझवणं, पाणी पाजणं अशी वेगवेगळी क्रियापदं. बहिणीने 'स्लेक' सुचवला, पण कळीच्या चुन्यावर पाणी ओततात त्यालाही तोच शब्द. सरबतावर चुना नको बुवा! पर्यटकांना पटकन कळेल असं काय लिहू? शुक्रवारी छपाईला द्यायचंय. आणि कोयत्याला तुमच्या गावात पाणी 'पाजतात' की 'देतात'?