मदत हवी आहे: समरूप त्रिकोणांत कोणता शिरोबिंदू कोणाशी संगत, हे कसं ओळखायचं?

मुलीचा भूमितीचा गृहपाठ तपासायला बसले आणि मीच अडकले, म्हणून हा धागा.

त्रिकोण कखग, त्यात ख काटकोन. कख ६, खग ८, म्हणजे कर्ण कग १०. ख मधून कर्णावर लंब टाकलाय, तो कर्णाला घ मध्ये मिळतो. लहान दोन त्रिकोण एकमेकांशी समरूप आहेत, इथवर शंका नाही. कघ ची लांबी काढायची आहे.

मी असा विचार केला: दोन्हींत घ काटकोन, म्हणून घ ला घ. ख दोन्हींत आहेच, म्हणून ख ला ख. उरले क आणि ग, त्यांची जोडी. म्हणजे कघख समरूप गघख. बाजूंची गुणोत्तरं मांडली तर घख ला घख ने भाग जाऊन १ येतं! मग कघ ५ आणि गघ ५. मागच्या पानावर उत्तर ३.६ आहे. लेक म्हणते, "आई, अगं डोळ्यांनी दिसतंय की गघ लांब आहे." कुठे चुकलं?

प्रतिसाद १:
ख ला ख जोडलंत तिथेच. बिंदू सामाईक आहे म्हणून तो स्वतःशीच संगत असतो असं नाही. ख पाशी एक कोन नाही, दोन आहेत: कखघ आणि घखग. संगती कोनांची लावायची, अक्षरांची नाही.

पेन्सिल घ्या. कोन क मध्ये ठिपका, कोन ग मध्ये फुली. ठिपका आणि फुली मिळून ९० अंश. आता कघख मध्ये क ला ठिपका, घ काटकोन, तर ख ला फुलीच उरते. खघग मध्ये ग ला फुली, म्हणून ख ला ठिपका. आता जोड्या वाचा: क शी ख, घ शी घ, ख शी ग. नावं त्याच क्रमाने लिहा: कखग, कघख, खघग. तिन्ही नावांत पहिलं अक्षर ठिपक्याचं, मधलं काटकोनाचं, शेवटचं फुलीचं. एवढं जमलं की आकृतीकडे न बघताही गुणोत्तरं लिहिता येतात.

कघ भागिले कख = कख भागिले कग. म्हणून कघ = ३६ भागिले १० = ३.६. गघ ६.४, लंब ४.८.

प्रतिसाद २:
तुम्ही लंबाला आरसा धरलात. प्रत्यक्षात कघख हा त्रिकोण घ भोवती ९० अंशांत फिरून मोठा झालाय. कागदाचा त्रिकोण कापून फिरवून बघा, मुलीला पटकन कळेल.

आणि कोन दिलेले नसतील, फक्त बाजू असतील, तर लहान ते मोठ्या अशा क्रमाने लावा. सगळ्यात मोठ्या बाजूसमोरचा शिरोबिंदू सगळ्यात मोठ्या बाजूसमोरच्याशी. यातही एक सापळा आहे. ४, ६, ९ आणि ६, ९, १३.५ हे त्रिकोण घ्या. ६ आणि ९ दोन्हीकडे दिसतात, मुलं लगेच ६ ला ६ जोडतात. पण ४ ला ६, ६ ला ९, ९ ला १३.५ अशी संगती आहे.

धागाकर्ती:
ठिपका-फुली कमाल आहे! १५ मिनिटांत ४ गणितं सुटली. पण पाचव्यात समद्विभुज त्रिकोणांची जोडी आहे. पायाचे दोन्ही कोन ५० अंश, मग दोन्हींना ठिपकाच येतोय. डावा डाव्याशी जोडू की उजव्याशी?

प्रतिसाद १:
कसाही जोडा, दोन्ही संगती बरोबर आहेत. ८० अंशांचा कोन तेवढा ८० शीच लावा. समभुज असते तर ६ प्रकारे जोडता आलं असतं.