अनुभव धागा : ब्राउझरमधले उघडे टॅब सांभाळणं आणि गेलेले परत आणणं

रंकाळावेस

कोल्हापुरात पावसाळा लागला की लाईट ये-जा करायला लागते, आणि "उघडे टॅब सगळे गेले, आता काय?" हा प्रश्न दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतंच. शाहूपुरीतली कर सल्लागारांची ऑफिसं, उद्यमनगरात कोटेशन आणि ड्रॉइंग बघणारे, विद्यापीठातले संशोधक, सेवा केंद्रं चालवणारे, सगळ्यांचं अर्धं काम टॅबमध्येच पडलेलं असतं. म्हणून हा धागा. ज्यांचा यात हात बसलाय त्यांनी लिहा. कुठलं बटण, कुठली फाईल, काय बिघडतं आणि का, एवढंच हवंय. फाईलींची नावं आणि पत्ते इथे देवनागरीत लिहू, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं वापरायची.

सुरुवात करतो. टॅब गेलेले दिसले की ब्राउझर पुन्हा पुन्हा बंद-चालू करायचा नाही. एरवी कॉम्प्युटर अडला की आपण तेच करतो, पण इथे त्यानेच नुकसान होतं. ब्राउझरकडे साधारण दोनच याद्या असतात: आत्ताची आणि मागच्या वेळची. रिकामी खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली, की "मागच्या वेळची" म्हणजे ती रिकामी खिडकी ठरते आणि तुमची खरी यादी पुसली जाते.

पहिल्यांदाच उघडलेल्या खिडकीत कंट्रोल + शिफ्ट + टी दाबा. अख्खी खिडकी गेली असेल तर एका दाबात अख्खी खिडकी येते. क्रोममध्ये अशा २५ नोंदी राहतात. एक सुटा टॅब ही एक नोंद आणि ४० टॅबची खिडकी हीसुद्धा एकच नोंद. त्यामुळे खिडकी गेल्यावर इकडचे-तिकडचे टॅब उघडून बंद करत बसू नका, तेवढ्यानेही ती नोंद मागे ढकलली जाते.

उद्यमनगर_सर्व्हिस

वरच्याने भागलं नाही तर फाईलींकडे वळा. क्रोमचं सांगतो, एज आणि ब्रेव्ह या ब्राउझरांचं तंत्र तेच, फक्त फोल्डर वेगळं.

पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा, व्हर्जन असं टाइप करा. येणाऱ्या पानावर "प्रोफाइल पाथ" अशी ओळ असते, ती कॉपी करून ठेवा. मग क्रोम पूर्ण बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये क्रोमची एकही प्रोसेस राहता कामा नये. खिडकी बंद केली तरी ती मागे चालू राहू शकते. आता त्या पाथवरच्या फोल्डरात "सेशन्स" नावाचं फोल्डर उघडा (सेशन म्हणजे ब्राउझर उघडल्यापासून बंद करेपर्यंतची एक खेप). आत "सेशन_" आणि "टॅब्स_" या नावांच्या फाईली दिसतील, पुढे १७ आकडी संख्या. ती संख्या म्हणजे वेळच आहे, १ जानेवारी १६०१ पासून मोजलेले मायक्रोसेकंद. मोठी संख्या म्हणजे नंतरची फाईल. नंतरची म्हणजे रिकाम्या खिडकीची, म्हणून खरी कामाची असते ती लहान संख्येची, आणि बहुतेक वेळा आकारानेही तीच मोठी असते. अख्खं "सेशन्स" फोल्डर उचलून डेस्कटॉपवर कॉपी करा. हे झालं की निम्मी लढाई जिंकली, पुढचं निवांत करता येतं.

ती फाईल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडली तर सुरुवातीला एसएनएसएस ही चार अक्षरं आणि पुढे बराच कचरा दिसतो. घाबरायचं कारण नाही. एचटीटीपी शोधा, पत्ते सरळ वाचता येतात. लिनक्स असेल तर स्ट्रिंग्ज कमांड लावून ग्रेपने एचटीटीपीच्या ओळी वेगळ्या काढा, दोन मिनिटांचं काम. एकच पत्ता अनेकदा येईल, कारण त्या टॅबमध्ये मागे पाहिलेली पानंही फाईलीत असतात. बंद केलेले टॅबही मध्ये मध्ये असतात. म्हणजे यादी चाळावी लागणार, पण हातात काहीच नसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

जुन्या फाईली परत जागेवर ठेवून क्रोमला उघडायला लावणं जमतं, पण दरवेळी नाही. करायचंच असेल तर नवीन प्रोफाइल बनवून त्याच्या फोल्डरात करा, चालू प्रोफाइलवर प्रयोग नको.

लक्ष्मीपुरी_०७

फाईली उकरण्याआधी एक बघा. क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातलं गोल चित्र तुमचंच आहे ना? एकाच मशीनवर मालकाचं, मुलाचं, ऑफिसचं अशी तीन प्रोफाइलं असतात आणि टास्कबारवरून भलतंच उघडतं. टॅब कुठेही गेलेले नसतात, ते दुसऱ्या प्रोफाइलमध्ये असतात.

दुसरं असंच. छापायच्या पानाची किंवा पेमेंटची छोटी खिडकी उघडी राहते, मोठी खिडकी आधी बंद होते आणि छोटी शेवटी. क्रोम "शेवटची स्थिती" म्हणून छोटीच लक्षात ठेवतो. म्हणून काम संपल्यावर फुलीवर टिचकी न मारता तीन ठिपक्यांच्या मेनूतून "एक्झिट" करा. सगळ्या खिडक्या एकदम बंद होतात आणि सगळ्या नोंदल्या जातात.

सागरमाळ

फायरफॉक्सचं मी लिहितो, कारण परत आणण्याच्या बाबतीत तो जास्त भरवशाचा आहे.

फायरफॉक्स दर १५ सेकंदांनी स्थिती लिहून ठेवतो. पत्त्याच्या पट्टीत अबाउट, कोलन, कॉन्फिग टाइप करून येणाऱ्या पानावर ब्राउझर डॉट सेशनस्टोअर डॉट इंटरव्हल ही किंमत १५००० दिसेल, ती मिलिसेकंदांत आहे. म्हणजे लाईट गेली तरी सहसा जास्तीत जास्त शेवटच्या १५ सेकंदांतलं जातं. जुनी हार्ड डिस्क असेल तर ही किंमत कमी करू नका, सतत लिहिण्याने मशीन अडखळतं.

टॅब गेल्यावर आधी मेनूत हिस्टरी, मग "रिस्टोअर प्रीव्हियस सेशन". तो पर्याय फिकट दिसत असेल तर फाईली. तसंच अबाउट, कोलन, सपोर्ट टाइप करून उघडा, "प्रोफाइल फोल्डर" समोरचं बटण दाबा. फोल्डर उघडलं की फायरफॉक्स बंद करण्याआधीच सेशनस्टोअर-बॅकअप्स हे उपफोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करून घ्या. आधीच, हे महत्त्वाचं, कारण बंद करताना आणि पुन्हा उघडताना आतल्या फाईली बदलतात.

आत काय असतं:
– रिकव्हरी डॉट जेसनएलझेड४ : आत्ता चालू असलेली स्थिती.
– रिकव्हरी डॉट बाकएलझेड४ : तिचीच जरा आधीची प्रत.
– प्रीव्हियस डॉट जेसनएलझेड४ : या वेळी उघडण्याआधीची. रिकामी खिडकी समोर असेल तर बहुतेकदा तुम्हाला हीच हवी असते.
– अपग्रेड डॉट जेसनएलझेड४ आणि पुढे आकडे : आवृत्ती बदलली तेव्हाची. जुनी असते, पण महिन्याभरापूर्वीचा संदर्भ शोधायला कधी कधी हीच कामी येते.

कॉपी झाली की फायरफॉक्स बंद करा. हवी ती फाईल प्रोफाइलच्या मुख्य फोल्डरात ठेवून तिचं नाव सेशनस्टोअर डॉट जेसनएलझेड४ करा. त्या नावाची फाईल आधीच असेल तर ती बाजूला काढा. मग फायरफॉक्स उघडा, लागलं तर पुन्हा "रिस्टोअर प्रीव्हियस सेशन". या फाईली नेहमीच्या झिप-अनझिपच्या सॉफ्टवेअरने उघडत नाहीत, फायरफॉक्सने त्यांना स्वतःचं शीर्ष लावलेलं असतं. विंडोजमध्ये फाईलींची एक्स्टेन्शनं (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी शेपटं) लपलेली असतील तर व्ह्यूमध्ये जाऊन ती दाखवायला सांगा. नाहीतर नाव बदलताना शेपटाला दुसरं शेपूट लागतं आणि फाईल ओळखली जात नाही.

आणि सेटिंगमध्ये "बंद करताना हिस्टरी पुसा" चालू असेल, तर मागचे टॅब परत आणण्याची सोयही त्याबरोबर जाते. दोन्ही एकदम मिळत नाही.

कावळानाका_सेवाकेंद्र

प्रायव्हेट किंवा इनकॉग्निटोमधले टॅब परत येतात का? ग्राहकांचे फॉर्म भरताना आम्ही तेच वापरतो.

उद्यमनगर_सर्व्हिस

नाही. ते डिस्कवर लिहिलेच जात नाहीत, म्हणून काढायला काही उरतच नाही. ग्राहकांच्या लॉगिनसाठी तेच वापरा, फक्त अर्ज क्रमांक आला की लगेच टिपून घ्या आणि पावती पीडीएफमध्ये उतरवा.

शाहूपुरी_लेखा

टॅब परत आला म्हणजे काम परत आलं, असं कृपया समजू नका. ब्राउझर मुख्यतः पत्ता आणि मागे-पुढेचा इतिहास जपतो. जीएसटी, आयकर, बँक, शिष्यवृत्ती, कुठलंही पोर्टल असो, लॉगिनची मुदत सर्व्हरवर संपते. टॅब उघडतो आणि "सेशन एक्स्पायर्ड" दिसतं. तिथे रिफ्रेश करत बसू नका. मुख्य पानावरून नव्याने लॉगिन करून "सेव्ह्ड ड्राफ्ट" शोधा. पेमेंटच्या मधल्या पानाचा टॅब परत आला असेल तर तो न वापरता बंद करा आणि आधी बँकेचं स्टेटमेंट बघा. पैसे गेले की नाही हे टॅब सांगू शकत नाही.

फायरफॉक्स अर्धवट भरलेल्या रकान्यांतला मजकूर बऱ्याचदा परत देतो, पासवर्ड सोडून. क्रोममध्ये कधी येतो, कधी नाही. म्हणून दहा ओळींपेक्षा मोठा मजकूर थेट पोर्टलच्या चौकटीत टाइप करू नये. आधी नोटपॅडमध्ये, मग तिकडे चिकटवा. नोटिशीचं उत्तर असेल तर हे पाळाच.

टेंबलाई_टेकडी

४ जीबी रॅमच्या मशीनवर वेगळीच तक्रार असते: टॅब दिसतो, पण त्यावर गेलं की पान पहिल्यापासून लोड होतं. तो गेलेला नसतो, मेमरी वाचवायला झोपवलेला असतो. क्रोमने २०२२ च्या अखेरीस मेमरी सेव्हर आणला; सेटिंग्जमध्ये "परफॉर्मन्स" बघा. तिथेच "या साइट नेहमी चालू ठेवा" अशी यादी आहे. रोजच्या कामाचं पोर्टल आणि व्हॉट्सॲप वेब त्यात टाका. बाकीचे झोपू द्यात, त्यात तुमचाच फायदा.

कोण मेमरी खातंय हे पाहायला क्रोममध्ये शिफ्ट + एस्केप. मेमरीच्या रकान्यावर टिचकी मारली की सगळ्यात खादाड टॅब वर येतो. फायरफॉक्समध्ये अबाउट, कोलन, अनलोड्स हे पान आहे, तिथून हवे तेव्हा टॅब झोपवता येतात.

राजारामपुरी_मोबाइल

फोनचं थोडक्यात. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये तीन ठिपके, मग "अलीकडील टॅब". तिथे नुकते बंद केलेले दिसतातच, शिवाय सिंक (एकाच खात्यावरची साधनं जुळवून ठेवणं) चालू असेल तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचे टॅबही दिसतात. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उडाला तर ही यादी फार उपयोगी पडते. पण ती त्याच दिवशी बघा आणि लागणारे पत्ते बुकमार्क करा. दुरुस्तीनंतर मशीन रिकामं उघडलं तर सिंकमधली यादीही बदलते.

२१ दिवस न पाहिलेले टॅब क्रोम आपोआप "निष्क्रिय" भागात नेतो, फायरफॉक्स १४ दिवसांनी. "टॅब कमी झाले" असं वाटलं तर टॅबच्या पानावर वर तो भाग दिसेल. आयफोनच्या सफारीत टॅबच्या पानावरचं अधिक चिन्ह दाबून धरा, नुकते बंद केलेले दिसतात. आणि सेटिंगमध्ये "क्लोज टॅब्स" दिवस, आठवडा की महिना यावर आहे का बघा.

ॲप वर सरकवून काढल्याने टॅब जात नाहीत. जातात ते "क्लिअर स्टोरेज" केल्याने. जागा कमी पडली तर "क्लिअर कॅशे" (तात्पुरती साठवण पुसणं) एवढंच करा.

मंगळवार_पेठ

ब्राउझरला जोडायच्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे जादा साधनांवर, भिस्त ठेवणाऱ्यांसाठी. उघडे टॅब यादीत ठेवणारी वनटॅबसारखी साधनं चांगली आहेत, पण यादी त्या एक्स्टेन्शनच्या पोटात असते. एक्स्टेन्शन काढलं की यादीही गेली. महिन्यातून एकदा त्यातलंच "एक्स्पोर्ट" वापरून मजकूर फाईल काढून ठेवा.

ग्रेट सस्पेंडर हे टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोड असल्याने बंद केलं आणि झोपवलेले सगळे टॅब लोकांच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. ते परत आणायचा रस्ता असा होता: हिस्टरीत "सस्पेंडेड" शोधायचं, सापडलेल्या लांबलचक पत्त्याच्या शेवटी यूआरआय आणि बरोबरचं चिन्ह (=) असं लिहून पुढे मूळ पत्ता असायचा, तेवढाच कापून घ्यायचा. जुन्या बुकमार्कांत असे पत्ते अजून कुणाकडे असतील तर हीच युक्ती चालते.

सागरमाळ

@मंगळवार पेठ, म्हणूनच साधे बुकमार्क मला जास्त पटतात. कंट्रोल + शिफ्ट + डी दाबलं की क्रोममध्ये खिडकीतले सगळे टॅब एका फोल्डरात जातात. फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे काम: "२०२५-०७-१४ फौंड्री वाळू दर". नावाप्रमाणे लावलं की तारखेच्या क्रमाने लागतं. फायरफॉक्समध्ये टॅबवर उजवी टिचकी, "सिलेक्ट ऑल टॅब्स", मग "बुकमार्क टॅब्स".

हिस्टरीवर विसंबू नका. क्रोमची मशीनवरची हिस्टरी ९० दिवसांचीच असते. प्रबंधाचे संदर्भ तिच्यात शोधायला गेलात तर मागच्या शैक्षणिक सत्रातलं काही हाती लागत नाही.

उघडा टॅब सापडत नसेल तर क्रोममध्ये कंट्रोल + शिफ्ट + ए. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत टक्क्याचं चिन्ह, स्पेस आणि शब्द. तोच टॅब तीनदा उघडण्याची सवय याने सुटते.

रंकाळावेस

लाईटबद्दल राहिलं होतं. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागे किंवा पुढे "यूपीएस" आणि "इको" किंवा "नॉर्मल" असा खटका असतो. तो यूपीएसवर हवा. दुसऱ्या बाजूला असला तर लाईट गेल्यावर बदलायला वेळ जास्त लागतो आणि डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. पंखा-दिवा नीट चालतात म्हणून हे लक्षात येत नाही. साधा ६०० व्हीएचा यूपीएस मॉनिटरसकट काही मिनिटं देतो. ती मिनिटं मेनूतून एक्झिट करून मशीन नीट बंद करायला वापरा, काम पुढे रेटायला नको. वर्ष-दोन वर्षांनी बॅटरी उतरते, प्लग काढून एकदा तपासा.

विंडोज अपडेट रात्री रीस्टार्ट करत असेल तर सेटिंग्ज, विंडोज अपडेट, "ॲक्टिव्ह अवर्स" तुमच्या कामाच्या वेळेला लावा. आणि क्रोममध्ये "ऑन स्टार्टअप" खाली "कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ" आजच निवडून ठेवा. सी ड्राइव्हवर थोडी जागाही मोकळी राहू द्या; डिस्क गच्च भरली की ब्राउझरला सेशनची फाईल लिहिताच येत नाही, मग वरचं कुणाचंच काही चालत नाही.

कावळानाका_सेवाकेंद्र

सफाईची सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांनी त्यात ब्राउझरखाली "सेशन" नावाची टिक असते ती काढा. कॅशे पुसली तर चालते, सेशन पुसलं की टॅबची यादीच जाते. आमच्या चारही मशीनवर ती टिक आत्ताच काढली. इन्व्हर्टरचा खटका संध्याकाळी बघतो.