मुलांची अ‍ॅलर्जीची रक्त तपासणी : सरसकट करावी का?

भरीतपार्टी, जळगाव
आमच्याकडे पोराला चार दिवस शिंका आल्या की कोणीतरी सांगतंच, ‘अ‍ॅलर्जीचं पॅनल, म्हणजे एकदम बऱ्याच पदार्थांची रक्त तपासणी, करून टाका.’ माझं मत, पोराने काय खाल्लं आणि किती वेळात काय झालं हे कोणी विचारलंच नसेल, तर रक्त काढू नये. त्यात मोजतात ते आयजीई नावाचं प्रतिद्रव्य. ते सापडलं तरी पदार्थ खाऊन त्रास होईलच असं नाही. माझ्या भाच्याच्या रिपोर्टात शेंगदाणा, उडीद, गहू तिन्ही पॉझिटिव्ह. हा गडी शेंगदाण्याची चटणी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी रोज हाणायचा, अंगावर एक पुरळ नाही! दोन महिन्यांपासून सगळं बंद. खान्देशात शेंगदाणा बंद म्हणजे खायचं तरी काय?

पारोळेकर
ताई, पटलं नाही. माझ्या मुलीने काजूकतली खाल्ली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, उलटी, दम. काजूच, हे रक्त तपासणीने पक्कं झालं. त्वचेवर टोचून करतात ती चाचणी करायची तर सेटिरिझिनसारखी औषधं काही दिवस आधी बंद ठेवावी लागतात. रात्रभर खाजवणाऱ्या पोरीची गोळी बंद कशी करणार? रक्ताला ती अडचण नाही.

भरीतपार्टी, जळगाव
भाऊ, तुमच्याकडे संशय आधी होता, तपासणी नंतर. मी दुसरं काय म्हणतेय?

गिरणाकाठ
लॅबमध्ये काम करतो म्हणून बोलतो. बऱ्याच रिपोर्टांत ०.३५ च्या वर आकडा गेला की पॉझिटिव्ह छापतात. आकडा मोठा तर अ‍ॅलर्जीची शक्यता जास्त. पण झटका किती जोरात येईल ते त्यावरून कळत नाही. एकूण आयजीई तर पोटात जंत असले तरी वाढतं. आणि आयजीजी या दुसऱ्याच प्रतिद्रव्याचं पॅकेज कोणी गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. आपण जे खातो त्याचं आयजीजी रक्तात असतंच.

केळीबाग_रावेर
एवढा कीस कशाला? रिपोर्टात आलं ते बंद करा. चार पदार्थ नाही खाल्ले तर काय बिघडतं?

गिरणाकाठ
बिघडतं भो. वाढत्या पोराचं गहू, डाळ, दाणे तोडले तर वजन कशावर वाढणार? शिवाय २०१५ साली इंग्लंडमधल्या लीप अभ्यासात दिसलं, की इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना वर्षाच्या आत शेंगदाणा सुरू केला, तर पाच वर्षांपर्यंत त्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. अख्खा दाणा नव्हे हां, तो घशात अडकतो.

कापूसवाली, धरणगाव
नाकाचं वेगळं धरा. जिनिंगची धूळ, गाजर गवत, अंथरुणातले माइट्स म्हणजे बारीक किडे... नेमकं कशाने होतं ते कळलं तर अ‍ॅलर्जीच्या लसीचा विचार करता येतो. तिथे तपासणी कामाची.

भरीतपार्टी, जळगाव
नाकाचं मान्य. मग भाच्याला दाणे परत सुरू करू?

गिरणाकाठ
घरी नको. बरेच दिवस बंद ठेवल्यावर कधी कधी खरीच अ‍ॅलर्जी होते. डॉक्टरसमोर, थोडं थोडं वाढवत देऊन बघतात. जळगाव-धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात बालरोग विभागात विचारा.

पारोळेकर
घ्या! म्हणजे वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून लेकरू घेऊन दिवसभर तिथे बसायचं. म्हणूनच लोक गावातल्या गावात रक्त देऊन मोकळे होतात, ताई.