अंतराळवीराशी दोन-तीन मिनिटे बोलण्याची संधी मिळाली, तर नेमके काय विचारावे?

ध्रुवदर्शी (मूळ प्रश्न)

नमस्कार. अंतराळस्थानकावर दीर्घकाळ राहून आलेल्या एका नामवंत अंतराळवीरांचे व्याख्यान पुढच्या महिन्यात दक्षिण मुंबईतील एका संस्थेत आहे. कार्यक्रम जाहीर होईपर्यंत नाव उघड करू नये अशी आयोजकांची विनंती असल्यामुळे ते येथे लिहीत नाही. व्याख्यानानंतर काही निवडक श्रोत्यांना त्यांच्याशी समोरासमोर बोलता येणार असून, त्या यादीत माझे नाव आले आहे. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटे येतील.

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून सॅल्यूट-७ या स्थानकावर गेले, तेव्हा मी शाळेत होतो. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतील कात्रणे खळीने वहीत चिकटवण्याचा जो छंद लागला, तो आजतागायत सुटलेला नाही. चॅलेंजरचा अपघात, मीर स्थानक, कल्पना चावला, सुनीता विल्यम्स आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला, असे सारे त्या वह्यांमध्ये आहे. सुरुवातीच्या वह्यांच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत आणि खळ जिथे जाड लागली होती तिथला कागद तपकिरी पडला आहे, पण मजकूर अजून वाचता येतो. व्यवसायाने मी हिशेबनीस आहे. विज्ञानाचे शिक्षण शाळेपुरतेच झाले, पुढचे सगळे वाचून आणि वरळीच्या नेहरू तारांगणातील व्याख्याने ऐकून मिळवले.

ज्या विषयावर आयुष्यभर वाचले, तो स्वतः जगून आलेल्या माणसासमोर उभे राहिल्यावर ‘तिथे कसे वाटले?’ एवढेच विचारून परतावे लागले, तर त्याचे मला फार वाईट वाटेल. मग विचारावे तरी काय? वह्या सोबत न्याव्यात का? ज्यांना अशा भेटींचा अनुभव आहे किंवा ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

व्याध

ध्रुवदर्शी, मनःपूर्वक अभिनंदन. आमच्या खगोलप्रेमी गटातर्फे मी बरीच वर्षे शास्त्रज्ञांची व्याख्याने आयोजित करत आलो आहे, त्यामुळे प्रश्नोत्तरांच्या वेळी वक्त्याचा चेहरा कधी उजळतो आणि कधी पाठ केलेले उत्तर सुरू होते, हे जवळून पाहिले आहे. ज्याचे उत्तर छापील मुलाखतींत मिळत नाही, पण त्या मुलाखती वाचल्याशिवाय जो सुचणारही नाही, असा प्रश्न शोधा. त्यासाठी त्या मोहिमेत त्यांनी हाताने कोणती कामे केली याची माहिती आधी काढा आणि त्यांतले एकच काम निवडा.

उदाहरणच द्यायचे तर शुभांशु शुक्ला यांच्या मोहिमेत मूग आणि मेथीचे बियाणे अंकुरित करण्याचा प्रयोग होता. ‘कोणते प्रयोग केलेत?’ या प्रश्नाला यादीच मिळेल. त्याऐवजी असे विचारता येईल, की जिथे पाणी खाली ओघळत नाही आणि थेंब बियांना किंवा भांड्याच्या भिंतीला चिकटून गोळा होऊन बसतो, तिथे बियांना पुरेसे पाणी मिळाले की त्या बुडाल्या हे डोळ्यांना कसे कळते? हे त्या माणसाने स्वतः पाहिलेले असते.

दुसरे उदाहरण स्पेसवॉकचे. सुनीता विल्यम्स यांनी नऊ स्पेसवॉकमध्ये मिळून ६२ तासांहून अधिक काळ स्थानकाबाहेर काढला आहे. नासाच्या अशा पोशाखात आपल्या वातावरणाच्या साधारण तीन दशांश इतक्या दाबाचा शुद्ध ऑक्सिजन भरलेला असतो आणि बाहेर निर्वात पोकळी असल्यामुळे हातमोजा फुगून ताठ होतो. दरवेळी मूठ मिटताना त्या दाबाविरुद्ध बोटे वळवावी लागतात, आणि हे सलग सहा-सात तास चालते. बोटे थकू लागली की कामाचा क्रम बदलण्याचा निर्णय कोण घेते, बाहेर असलेली व्यक्ती की जमिनीवरचे नियंत्रण कक्ष? तुमचे पाहुणे स्पेसवॉक केलेले असतील, तर हे जरूर विचारा.

मला स्वतःला विचारावासा वाटणारा प्रश्न मात्र आवाजाचा आहे. वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, म्हणजे हवा आपोआप खेळत राहत नाही. पंखे बंद पडले तर झोपलेल्या माणसाच्या नाकातोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. म्हणून स्थानकावर पंखे अहोरात्र चालू असतात आणि त्यांची घरघर कधीच थांबत नाही. महिनोन्महिने त्या आवाजात राहिलेल्या माणसाला पृथ्वीवर परतल्यावर पहिल्या रात्रीची शांतता सोसते का? याचे उत्तर मी आजवर कुठे वाचलेले नाही.

डॉ_मुलुंडकर

व्याध यांच्या सूचना उत्तम आहेत. वैद्यकीय बाजूने थोडी भर घालतो.

वर गेल्यावर शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतो, चेहरा सुजल्यासारखा दिसतो आणि पाय बारीक होतात. पुरेसा व्यायाम नसेल तर कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, त्यासाठीच रोज जवळपास दोन तास व्यायाम ठेवलेला असतो. हे सर्व पुस्तकांत आहे. पुस्तकांत त्रोटकपणे येते ती परतीनंतरची अवस्था. कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेने गुरुत्वाकर्षणाचा हिशेब सोडून दिलेला असतो. अशा वेळी पहिल्या दिवसांत मान वळवणे, जिना उतरणे, डोळे मिटून चेहऱ्यावर साबण लावणे यांपैकी काय सर्वांत अवघड गेले, असा प्रश्न आपण निःसंकोच विचारू शकता.

एक मर्यादा मात्र पाळावी. दीर्घ मोहिमांनंतर काही अंतराळवीरांच्या दृष्टीत बदल आढळतात आणि त्यावर सध्या बरेच संशोधन चालू आहे, पण एखाद्याला समोर गाठून ‘तुमच्या डोळ्यांना काय झाले?’ असे विचारणे योग्य नाही. ती त्यांची खासगी वैद्यकीय माहिती आहे. राकेश शर्मा यांच्या योगासनांच्या प्रयोगाविषयी बोलणे वेगळे, कारण तो मोहिमेचा जाहीर भाग होता.

जुना_दादरकर

व्याध यांच्याशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. ‘कसे वाटले?’ हा प्रश्न टाकाऊ नाही, तो फक्त फार ढोबळ आहे.

ऑक्टोबर १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स जगाच्या दौऱ्यावर निघाले असताना मुंबईत आले होते. त्या वेळी मी लहान होतो आणि वडिलांच्या खांद्यावर बसून गर्दीतून त्यांना पाहिले. त्या गर्दीतील बहुतेकांना रॉकेटचे शास्त्र ठाऊक नव्हते, तरीही माणसे तासन्तास उन्हात उभी होती. चंद्रावर पाऊल ठेवलेला माणूस आपल्यासारखाच हात हलवतो, घाम पुसतो, हे त्यांना पाहायचे होते. मोठेपणी वाचनात आले, की सोबती चंद्रावर उतरलेले असताना कॉलिन्स चंद्राभोवती एकटे फिरत होते आणि दर फेरीत चंद्राच्या मागच्या बाजूला गेल्यावर सुमारे ४८ मिनिटे त्यांचा कोणाशीही रेडिओ संपर्क नसे. ते हयात असताना मला विचारता आले असते तर मी विचारले असते, की त्या ४८ मिनिटांत हात कोणत्या कामात गुंतलेले असत आणि मन कुठे असे. हा भावनेचाच प्रश्न आहे, पण त्याला ठिकाण आहे आणि वेळ आहे.

आपल्या पाहुण्यांना मुंबईविषयी विचारा असे मी सुचवीन. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे मुंबई ते पुणे हे सरळ रेषेतील अंतर वीस सेकंदांच्या आत संपते. घाटात अडकलेल्या कोणाही माणसाला याचे मोल कळेल. पावसाळ्याचे चार महिने तर शहर बहुधा ढगांखालीच असणार. उरलेल्या दिवसांत, रात्रीच्या वेळी, इतक्या थोड्या अवधीत मुंबई ओळखायची खूण कोणती? तीन बाजूंच्या काळ्या पाण्यात शिरलेली दिव्यांची पट्टी, की त्या दिव्यांच्या मधोमध राहिलेला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा अंधार? मला हे खरोखर जाणून घ्यायचे आहे. उत्तर मिळाले तर येथे अवश्य लिहा.

अरुंधती_व

वह्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. सर्व वह्या नेऊ नका. दोन-तीन मिनिटांत पाने उलटण्यातच वेळ जाईल आणि मागे उभे असलेले लोक अस्वस्थ होतील. ज्या पानावर त्याच अंतराळवीरांच्या मोहिमेचे कात्रण आहे तेवढी एक वही न्या, खुणेसाठी कागद घालून ठेवा आणि स्वाक्षरी हवी असल्यास त्या पानावर मागा. जुन्या कागदावर शाई पसरते, तेव्हा बॉलपेन आपलेच ठेवा.

दुसरे असे, की आधी प्रश्न विचारा आणि मग स्वतःची ओळख सांगा. ‘मी १९८४ पासून...’ अशी सुरुवात केली तर आपण बोलत राहू आणि ते ऐकत राहतील. आणि जो तपशील प्रश्नात येणार आहे तो आधी पडताळून घ्या. राकेश शर्मा यांचेच पाहा. ते टी-११ मधून गेले, पण परतले टी-१० मधून. सोयूझ यान कक्षेत ठरावीक मुदतीपर्यंतच वापरता येते, म्हणून पाहुण्या अंतराळवीरांनी नवे यान स्थानकावरील मंडळींसाठी ठेवून जुन्या यानातून परतायचे, अशी पद्धत होती. दिल्लीच्या नेहरू तारांगणात ठेवलेली कुपी ती हीच टी-१०. सोयूझमधील आसनाचा साचा प्रत्येकाच्या शरीराच्या मापाने घडवलेला असतो, त्यामुळे यान बदलताना तो साचाही एका यानातून काढून दुसऱ्यात बसवावा लागतो. आपले पाहुणे सोयूझमधून गेलेले असतील तर या साच्यावरूनही छान प्रश्न निघेल, कारण परतीच्या धक्क्यात पाठीला आधार असतो तो त्याचाच.

ध्रुवदर्शी

सर्वांचे मनापासून आभार. व्याध यांचा पंख्यांच्या आवाजाचा प्रश्न मी पहिला ठेवला आहे, कारण तो कोणत्याही दीर्घ मोहिमेला लागू पडतो आणि त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. वेळ उरला तर जुना दादरकर यांचा मुंबईच्या खुणेचा प्रश्न विचारीन. डॉक्टरांचा प्रश्नही मला फार आवडला, परंतु आमच्या यादीत एक भौतिकोपचारतज्ज्ञ बाई आहेत. त्यांना तो सुचवतो, त्या माझ्यापेक्षा नेमकेपणाने विचारू शकतील. संभाषण इंग्रजीतून होईल असे आयोजकांनी कळवले आहे, म्हणून दोन्ही प्रश्न इंग्रजीत लिहून मोठ्याने म्हणून पाहत आहे. वही एकच नेईन.

व्याध

आणखी एक सुचवतो. उत्तर मिळाल्यावर लगेच दुसऱ्या प्रश्नाकडे जाऊ नका. अनुभवी वक्ते पहिल्या वाक्यात सवयीचे बोलतात आणि समोरचा थांबला आहे असे दिसले की मगच आठवून सांगू लागतात. त्यामुळे मुंबईचा प्रश्न राहिला तरी चालेल. तो कागदावर लिहून आयोजकांकडे द्या. आमच्या कार्यक्रमांत असे राहिलेले प्रश्न आम्ही वक्त्यांना नंतर पाठवतो आणि बरेच जण प्रवासात सवड काढून उत्तर देतात.